पन्नास हजार टाके, पन्नास हजार शब्द

गेल्या दिवाळीनंतर बाबांसाठी स्वेटर विणायला घेतला. आधी वीतभर नमुना विणून पाहिला. आठ नंबरच्या सुया, मध्यम जाडीची लोकर, साधी वीण. नमुना धुऊन सुकवला आणि फूटपट्टी लावली, तर दहा सेंटिमीटरांत आडवे २० टाके आणि उभ्या २८ सुया भरल्या. विणणाऱ्यांच्या बोलीत सुई म्हणजे हातातलं हत्यार आणि विणलेली एक ओळसुद्धा. मग वहीत गुणाकार मांडला. छाती १०० सेंटिमीटर, म्हणजे पुढचा-मागचा भाग मिळून २०० टाके. उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे १६८ सुया. हे झाले ३३,६०० टाके. एकेक बाही सरासरी ७० टाके रुंद आणि १२६ सुया लांब धरली, तर दोन्ही बाह्यांचे १७,६४०. सगळे मिळून ५१,२४०. मुंढे आणि गळा यांची घट वजा केली की राहतात पन्नास हजारांच्या आसपास.

त्याच वहीत मागच्या बाजूने माझ्या कादंबरीचा हिशेब होता. तिथेही आकडा पन्नास हजारच होता, फक्त शब्दांचा. दोन आकडे जुळले हा योगायोग, पण त्या रात्री मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. मी दोन वेगळे छंद करतो असं समजत होतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे काम एकच होतं. एक लहानशी कृती, पन्नास हजार वेळा, रोज थोडी थोडी, कोणी मागितलेली नसताना.

पुण्यात नोकरी करणाऱ्या सत्ताविशीतल्या माणसाच्या हातात दिवसाकाठी तास-दीड तास स्वतःचा म्हणून उरतो. तेवढ्या वेळात हे दोन लांब पल्ल्याचे छंद कसे मावतात, ते एकमेकांना काय देतात आणि त्यांच्या आड काय येतं, हे या लेखात पाहायचं आहे.

एका धाग्याचं काम

मराठीत ‘विणकाम’ हा शब्द दोन कामांना लागतो. पैठणी विणतात, घोंगडी विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावर ताणा आणि बाणा असे उभे-आडवे धागे एकमेकांत गुंततात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच धागा स्वतःच्याच फासातून पुढे जात राहतो. सुलट आणि उलट या दोन टाक्यांवर हे सगळं शास्त्र उभं आहे. दोन सुलट, दोन उलट असं करत गेलं की ताणली जाणारी बॉर्डर होते. एक सुलट, एक उलट घेऊन पुढच्या सुईला जागा बदलली की साबुदाण्याची वीण उठते.

सुयांच्या विणकामाचे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत, साधारण हजार वर्षांपूर्वीपासूनचे, आणि ते बहुतेक मोज्यांचे आहेत. युरोपात ही कला पसरली, तिथे व्यवसाय झाली. १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचं यंत्र तयार केलं. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून आणि इंग्रज कुटुंबांच्या सहवासातून आलं, मग शिवणाच्या वर्गांत आणि मध्यमवर्गीय घरांत रुळलं.

महाराष्ट्रात मेंढ्या होत्या, लोकर होती, धनगरांची घोंगडी होती. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. चिंचोक्याची खळ देऊन तिची घोंगडी पावसात अंगावर घ्यायला उत्तम होते, बाळाच्या टोपऱ्याला ती चालत नाही. त्यामुळे स्वेटरची लोकर आपल्याकडे कायम बाहेरून आली. तुळशीबागेत आज जे रंगीत गुंडे रचलेले दिसतात, त्यांतले पुष्कळसे ॲक्रिलिकचे असतात. आपण सवयीने त्यांनाही लोकरच म्हणतो. पुण्या-नाशिकच्या थंडीला ते पुरतात. मुंबई-कोकणात सुती दोरा बरा.

लोकर बाहेरची असली तरी तिला मराठी घराने आपली जागा दिली, ती बाळंतविड्यात. टोपरं, कुंची, मोजे, झबल्यावरचा स्वेटर. बाळ यायच्या आधी महिना-दोन महिने आजीच्या हातात सुया दिसू लागत. माझ्या आजीने साताऱ्यात दुपारी आकाशवाणीचं ‘वनिता मंडळ’ ऐकत असे किती विडे विणले याची मोजदाद नाही. मीही तिच्याकडूनच शिकलो, बारावीनंतरच्या सुट्टीत. तिने विणकामाचं पुस्तक कधी वापरलं नाही. शेजारणीच्या अंगावरचा स्वेटर पाहून ती वीण डोळ्यांत भरून आणायची आणि घरी येऊन उतरवायची.

मुलाने विणायचं का, हा प्रश्न मला विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर इथे देऊन टाकतो. पेरूमधल्या तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुषच विणतात. तिथल्या वस्त्रकलेची युनेस्कोने २००५ साली दखल घेतली. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात मोजे विणणाऱ्यांच्या कारागीर संघांत प्रामुख्याने पुरुष होते. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ब्रिटनचा सुवर्णपदक विजेता डायव्हिंगपटू टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला. सुईला बाई-पुरुष कळत नाही.

हौशी कादंबरीकाराची परंपरा

‘कादंबरी’ हे नाव आपण बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथावरून घेतलं. तो ग्रंथ बाणाच्या हातून पुरा झाला नाही. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. म्हणजे ज्या साहित्यप्रकाराचं नाव आपण रोज घेतो, त्या नावाच्या मुळाशीच एक अर्धवट राहिलेलं काम आहे. अर्धी कादंबरी कपाटात ठेवून बसलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मराठी कादंबरीचा आरंभ बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून, १८५७ साली धरतात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः छापली. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत आणि लेखकाला पुढचा भाग द्यावाच लागे. हप्त्याहप्त्याने लिहिण्याची ही शिस्त आजच्या हौशी लेखकाला फार उपयोगाची आहे. प्रतिलिपीसारख्या व्यासपीठांवर २०१४ नंतर हजारो तरुण मुलंमुली भागाभागांनी लिहितात, त्यामागे हीच रीत आहे.

नोकरी सांभाळून लिहिणं हेही आपल्याकडे नवं नाही. ‘गारंबीचा बापू’ लिहिणारे श्री. ना. पेंडसे मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरीला होते. इंग्रजीत अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात काम करायचा आणि पहाटे साडेपाचला उठून घड्याळ समोर ठेवून लिहायचा, दर पाव तासाला २५० शब्द या हिशेबाने. तरुण वयाचंही तसंच. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. साहित्य अकादमीने ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला तो २०११ पासून.

वेगाच्या गोष्टी मात्र जपून ऐकाव्यात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. त्या पाच दिवसांमागे सबंध बालपणाची साठवण होती. ती आपल्यापाशी आहे की नाही हे न पाहता केवळ पाच दिवसांचा आकडा उचलला, तर पदरी निराशाच येते.

अमेरिकेत १९९९ साली ख्रिस बेटी आणि त्याचे मित्र अशा २१ जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहायची पैज घेतली. पुढे तिचा ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’ झाला. नोव्हेंबरचे ३० दिवस, पन्नास हजार शब्द, म्हणजे रोज १,६६७. जगभर लाखो लोक यात उतरले. एरिन मॉर्गनस्टर्नची ‘द नाईट सर्कस’ ही २०११ची गाजलेली कादंबरी अशाच नोव्हेंबरांत लिहिलेल्या खर्ड्यांतून घडली. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण तिने एक मोलाची परवानगी देऊन ठेवली: पहिला खर्डा वाईट असला तरी चालेल, तो पुरा असू दे.

मराठीत लिहिताना तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये, असं माझं मत अनुभवाने झालं आहे. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. विभक्ती, शब्दयोगी अव्ययं पोटात घेणाऱ्या भाषेत पन्नास हजार शब्दांत बरंच जास्त मावतं. मराठी माणसाने रोजचे १,६६७ शब्द गाठले नाहीत म्हणून खंतावू नये.

दिवसातली जागा

माझ्या दिवसाचा हिशेब असा. पहाटे पावणेसहा ते साडेसहा लेखन, जेवणानंतर अर्धा तास विणकाम. पाऊण तासात मला साडेतीनशे शब्द होतात. विणण्याचा वेग मिनिटाला २५ टाके, म्हणून अर्ध्या तासात साडेसातशे. दोन्ही भाग मिळून २०० टाक्यांच्या घेरावर एवढ्याने चार सुयाही होत नाहीत. उंचीत मोजलं तर दीड सेंटिमीटरसुद्धा नाही.

पण ते दीड सेंटिमीटर दिसतं. फूटपट्टी लावली की कालच्यापेक्षा आज जास्त भरतं. कादंबरीत अशी फूटपट्टी नाही. साडेतीनशे शब्द लिहून उठावं आणि गोष्ट पुढे सरकली की जागच्या जागी घोटाळली हे आठवडाभर कळू नये, असं पुष्कळदा होतं. कधी एका सकाळी चारच ओळी होतात आणि त्या चार ओळींनी सगळं प्रकरण उलगडतं. असं ज्या कामाचं माप लागत नाही त्याच्यापाशी वर्षानुवर्षं बसायला धीर लागतो, आणि तो धीर मला विणकामाने दिला. थोडंथोडं वाढतं, यावर हातांचा विश्वास बसला की मनाचाही बसू लागतो.

उलट दिशेनेही देणं आहे. विणताना मी आधी छापील कृतीतला टाका न टाका पाळत असे. कादंबरी लिहू लागल्यावर कळलं, की आराखडा हातात असावा आणि पात्रांनी वळण घेतलं तर तो बदलावा. मग विणकामातही तसा धीटपणा आला. एलिझाबेथ झिमरमन या विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी १९७१ मध्ये ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत म्हणजे छातीच्या घेराचे टाके शंभर टक्के धरायचे आणि बाही, मनगट, गळा यांची मापं त्याच्या टक्केवारीत काढायची. कोणाच्या कृतीवर अवलंबून राहायचं नाही. ते वाचलं आणि आजी आठवली. ती हेच करत होती, फक्त टक्केवारीऐवजी बोटांनी आणि वितींनी.

वेळेबाबत विणकामाची आणखी एक सोय आहे. लिहिताना दुसरं काही करता येत नाही; विणताना कान मोकळे असतात. ऐकायच्या पुस्तकांची सेवा देणारं ‘स्टोरीटेल’ २०१७ मध्ये भारतात आलं, तेव्हा सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. साध्या विणीच्या एका पाठीला एक कादंबरी ऐकून होते. वाचन थांबलं तर लेखन सुकतं, आणि माझं अर्धं वाचन आता सुयांच्या सोबतीने होतं.

उसवणं

विणकामातला सगळ्यात मोठा धडा चुकांबद्दलचा आहे, म्हणून तो सावकाश सांगतो.

एके रात्री पुढचा भाग दिव्याजवळ धरला तर मधोमध एक शिडी दिसली. अकरा सुया खाली एक टाका सुटला होता आणि त्याच्या वर नुसते आडवे धागे राहिले होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे. पहिला विचार आला तो सगळं उसवायचा. आजीने फोनवर सांगितलं, “अरे, थांब. क्रोशाची सुई घे.” सुटलेल्या टाक्यात क्रोशाची सुई घातली, वरची पायरी अडकवली, टाक्यातून ओढून घेतली. झाला एक टाका. पुन्हा वरची पायरी, पुन्हा ओढ. अकरा वेळा असं केल्यावर टाका वर येऊन आपल्या जागी सुईवर बसला आणि शिडी मिटली. आसपासचा एकही टाका हलवावा लागला नाही.

दुसऱ्या वेळी मात्र असं भागलं नाही. पाठीचे १०० टाके हवे होते. चौदा सेंटिमीटर विणून झाल्यावर मोजले, तर १०४. बॉर्डर संपवताना कुठेतरी लोकर जास्तीची सुईवर आली होती आणि कापड एका बाजूला तिरकं चाललं होतं. तिथे उसवण्यावाचून इलाज नव्हता. सुई काढून घेतली आणि धागा ओढला. चार हजार टाके, अडीच तासांहून जास्त काम, पाच मिनिटांत पुन्हा धागा झालं. उसवलेल्या लोकरीला टाक्यांच्या वळ्या पडलेल्या असतात. ती तशीच विणली तर वीण एकसारखी येत नाही. म्हणून तिची लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, पीळ न देता टांगून ठेवायची. सुकली की लोकर सरळ होते आणि नव्याने विणायला तयार असते.

त्याच महिन्यात मी कादंबरीतलं एक सबंध प्रकरण काढलं, ४,१०० शब्दांचं. कराड-चिपळूण एसटीवरचा एक कंडक्टर माझ्या गोष्टीचा नायक आहे. त्या प्रकरणात मी त्याच्या लहानपणाची हकिगत सांगत बसलो होतो आणि गाडी उभीच होती. वर्षापूर्वी हे प्रकरण काढायचं धाडस मला झालं नसतं. लोकर उसवून उसवून हाताला कळलं होतं की उसवणं म्हणजे वाया जाणं नव्हे. काढलेलं प्रकरण मी वेगळ्या फाइलीत ठेवलं, ‘लडी’ असं नाव देऊन. दोन महिन्यांनी त्यातली आईची शिदोरी घाटातल्या एका प्रसंगात आली, चार ओळींत, आणि तिथे ती शोभली.

दोन्हींत एक फरक आहे आणि तो मान्य केला पाहिजे. लोकर उसवली की धागा तेवढाच परत मिळतो. वाक्यांचं तसं होत नाही. काही कायमची जातात. पण चूक कोणत्या जातीची आहे हे ओळखणं दोन्हीकडे सारखंच महत्त्वाचं. सुटलेला एक टाका असेल तर तेवढाच वर उचलावा, त्यासाठी अख्खं अंग उसवू नये. आणि पाया चुकला असेल तर वरवर शिवून झाकू नये. नवशिक्या लेखकांच्या अर्ध्या कादंबऱ्या बंद पडतात त्या बहुधा या दोन चुकांची अदलाबदल झाल्यामुळे.

मन आणि मनगट

विणकामाने मन शांत होतं असं सगळेच म्हणतात. याची चाचपणी करणारं एक सर्वेक्षण २०१३ मध्ये ब्रिटनच्या व्यवसायोपचार क्षेत्रातल्या नियतकालिकात आलं. त्यात ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरं दिली आणि जे जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. उत्तरं देणारे मुळात विणकामाची आवड असलेलेच होते, त्यामुळे यावरून विणकाम हे औषध आहे असं म्हणता येणार नाही. मात्र एका लयीत चालणारं हातांचं काम मनाला टेकू देतं, हा अनुभव जुना आहे. कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ विणायची. तिची बहीण व्हेनेसा बेल हिने १९१२ च्या सुमारास काढलेल्या चित्रात ती आरामखुर्चीत हातातल्या सुईकामावर मान झुकवून बसलेली दिसते.

माझ्यापुरतं सांगायचं तर लेखनातली कोंडी मेजापाशी क्वचितच फुटते. ती पुष्कळदा उलट सुईच्या मधोमध फुटते. म्हणून सुयांच्या पिशवीत एक छोटी वही असते.

शरीराची बाजूही सांगितली पाहिजे. टंकलेखन आणि विणकाम, दोन्हींचा भार मनगटावर आणि अंगठ्यावर पडतो. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याने एका बैठकीत तासन्‌तास विणू नये. मी वीस मिनिटांनी सुया खाली ठेवतो आणि मनगट दुखलं तर दोन दिवस दोन्ही बंद ठेवतो.

“विकतोस का?”

छंदाच्या आड सगळ्यात जास्त येतो तो हा प्रश्न. स्वेटर पाहिला की “विकतोस का? ऑर्डर घेतोस का?” आणि कादंबरीचं कळलं की “कोणी छापणार आहे का?” विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण हिशेब करून पाहू. तेहेतीस तासांचं काम आणि वर लोकरीचा खर्च. तेवढी मजुरी कोणतं गिऱ्हाईक देईल? कादंबरीला तर शंभर तास नुसते पहिल्या खर्ड्याचे, आणि मराठीत पहिली आवृत्ती हजारभर प्रतींची, हल्ली त्याहून कमी. ज्याला यावर पोट भरायचं आहे त्याने जरूर भरावं, तो मार्ग कष्टाचा आणि मानाचा आहे. पण प्रत्येक छंदाला बाजाराच्या दारात उभं करायलाच हवं का?

महाराष्ट्राला ‘हौशी’ हा शब्द परका नाही. हौशी रंगभूमीने आपल्याला केवढे नट, लेखक, दिग्दर्शक दिले. राज्य नाट्य स्पर्धा साठ वर्षांहून अधिक काळ चालते. बँकेतला कारकून आणि शाळेतली शिक्षिका दिवसाचं काम आटपून तालमीला जातात आणि सगळं गाव त्यांचं कौतुक करतं. त्यांना कोणी विचारत नाही, की यातून किती सुटतात. हाच मान चार भिंतींआड चालणाऱ्या हौसेलाही मिळावा. जी मुलगी रात्री वसतिगृहात बसून लिहिते, जो मुलगा आजीच्या सुया मागून घेतो, त्यांचं काम रंगमंचावर येणार नाही, त्याला टाळ्या मिळणार नाहीत. म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही. सगळा वेळ कोणाच्या तरी उपयोगाचा करून टाकायच्या या काळात, तासभर एखादी गोष्ट नीट व्हावी एवढ्याचसाठी बसणारा तरुण माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. तो धीर शिकतो, चूक मान्य करायला शिकतो आणि कोणी पाहत नसतानाही काम चोख करायला शिकतो. हे शिक्षण दुसरीकडे सहज मिळत नाही.

घरातल्यांनी यासाठी फार काही करायला नको. माझ्या आजीने आजवर मला कधी “संपणार कधी?” असं विचारलेलं नाही, “याचं करणार काय?” असंही नाही. दर रविवारी फोनवर ती एकच विचारते, “कुठवर आलं?”

परवा मी सांगितलं, “मुंढ्यापर्यंत.”

“आणि तुझा कंडक्टर?”

“कुंभार्ली घाटात आहे, आजी. धुकं पडलंय.”

“मग सावकाश जाऊ दे त्याला,” ती म्हणाली, आणि मुंढ्याचे टाके दर दुसऱ्या सुईला दोन्हीकडे एकेक कमी करायचे, हे पुन्हा एकदा समजावून सांगू लागली.